जुनी हॉलिवूड म्युझिकल्स घरी कशी बघायची? माझं उत्तर: पायांकडे कान लावून

प्रश्न थोडक्यात असा आहे की हिंदी गाणी जीव की प्राण आहेत, शाळेत असताना 'साउंड ऑफ म्युझिक' बघितला तो आवडलाही होता, पण आता घरी टीव्हीवर १९३०-४०च्या काळातली अमेरिकन म्युझिकल्स लावली की वीस मिनिटांत हात रिमोटकडे जातो. गोष्ट पोरकट वाटते, नाच सगळे सारखेच दिसतात. मग लोकांना यात एवढं काय सापडतं, आणि सुरुवात कुठून करायची?

मी मुंबईत फोलीचं काम करते, २२ वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फोली म्हणजे काय ते आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सिनेमा शूट होऊन एडिट झाला की अंधाऱ्या स्टुडिओत पडद्याकडे बघत त्यातली पावलं, साडीची सळसळ, बांगड्या, कपबशी, दाराची कडी असे आवाज आम्ही पुन्हा करून रेकॉर्ड करतो. माझं मुख्य काम पावलांचं. हिरॉइन लाकडी जिन्यावरून धडधडत खाली येते तेव्हा तुम्ही ऐकता ते पाय पुष्कळदा तिचे नसतात, माझ्यासारख्या कुणाचे तरी असतात. आणि आमच्या या धंद्याचं नावच मुळी एका म्युझिकलच्या वेळचं आहे, बोलपट नुकते आले होते तेव्हा १९२९च्या 'शो बोट'ला मागून आवाज जोडायचं काम युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली आणि त्यांच्या मंडळींनी केलं, त्या माणसाचं नाव आम्हाला चिकटलं. मी नवीन होते तेव्हा माझ्या सीनियरनी पहिल्याच आठवड्यात मला हॉलिवूडचे नाचणारे नट फ्रेड अस्टेअर यांच्या सिनेमाची एक डीव्हीडी हातात दिली आणि म्हणाले, घरी जा, पडद्याकडे पाठ करून बस, नुसते पाय ऐक. मी ऐकले, आणि तेव्हापासून हे वेड आहे.

तर पहिलं म्हणजे गोष्टीवरचा राग सोडा. गोष्ट साधीच असते, गैरसमज होतो, रुसवा होतो, शेवटी जुळतं. आपल्याकडे 'सौभद्र' १८८२ला रंगभूमीवर आलं, ते बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला सुभद्रेचं लग्न कुणाशी होणार हे पाठ असायचं, तरी माणसं पहाटेपर्यंत बसायची, पदासाठी, वन्समोअरसाठी. संगीत नाटकाला जो कान घेऊन आपली आजी जायची तोच कान घेऊन इथे बसायचं. आणि घरी बघायचा मोठा फायदा हा की वन्समोअर कितीही वेळा घेता येतो, रिमोट फॉरवर्डसाठी नाही, मागे नेण्यासाठी वापरायचा.

आता "नाच सगळे सारखेच" या तक्रारीबद्दल. टॅप डान्सच्या बुटाला पुढे चवड्याखाली आणि मागे टाचेखाली धातूची पट्टी असते. चवडा वाजतो तो बारीक, टाच वाजते ती जड. तबला आणि डग्गा समजा. जॉन बबल्स नावाचे थोर नाचणारे होते, त्यांनी टाचेचा हा डग्गा नाचात जास्त आणला, त्याउलट बिल रॉबिन्सन चवड्यावर उभे राहून नाचायचे आणि त्यांच्या बुटांना तळ लाकडाचे असायचे, त्यामुळे त्यांचा आवाज कोरडा आणि स्वच्छ येतो. हे एकदा कळलं की डोळे मिटूनही कोण नाचतंय ते ओळखता यायला लागतं. कथकची तत्कार ऐकायची सवय असेल तर तुम्ही निम्मी वाट आधीच चालून आला आहात.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हे टॅपचे आवाज सहसा शूटिंगच्या वेळचे नसतात! गाणं आणि ऑर्केस्ट्रा आधी रेकॉर्ड व्हायचा, सेटवर तो मोठ्यांदा लावून त्यावर नाच व्हायचा, त्या गोंगाटात पायांचं रेकॉर्डिंग काही उपयोगाचं नसायचं, म्हणून नंतर स्टुडिओत लाकडी फळी टाकून, कानाला हेडफोन लावून, पडद्यावरचे आपलेच पाय बघत तोच नाच आवाजासाठी पुन्हा करायचा. अस्टेअर स्वतःचे टॅप स्वतःच वाजवायचे. त्यांच्या जोडीने नाचणाऱ्या जिंजर रॉजर्सच्या पायांचे आवाज मात्र पुष्कळदा नृत्यदिग्दर्शक हर्मीस पॅन यांनी वाजवलेत. म्हणजे पडद्यावर बाई नाचतेय आणि कानात पॅनसाहेबांचे पाय! मी हे काम रोज करते म्हणून सांगते, साधं चालणं जुळवताना घाम फुटतो, तिथे दोन मिनिटं सलग, कट न घेता केलेल्या नाचाचं प्रत्येक पाऊल मागून जुळवणं म्हणजे काय असेल.

सुरुवात 'टॉप हॅट'पासून करा, १९३५चा, आर.के.ओ. स्टुडिओचा. अस्टेअर आणि रॉजर्स यांनी एकत्र १० सिनेमे केले त्यातला हा माझ्या मते पहिल्यांदा बघायला सगळ्यात सोपा. त्यात सुरुवातीलाच एक जागा आहे. लंडनच्या हॉटेलात रात्री अस्टेअर मित्राच्या खोलीत खुशीत येऊन टॅप करायला लागतो, खालच्या खोलीत जिंजर झोपलेली असते, तिची झोपमोड होते, ती तणतणत वर येऊन भांडून जाते. मग हा काय करतो, तर हॉटेलातलीच वाळू आणून जमिनीवर पसरतो आणि त्या वाळूवर हळू हळू पाय घासत नाचतो, खाली तिला झोप लागावी म्हणून. टॅपचा खडखडाट जाऊन सरर्-सर, सरर्-सर असा आवाज येतो. हे मी आईबरोबर बघत होते, आई ७४ वर्षांची, आयुष्यभर भजनी मंडळात टाळ वाजवलेली, इंग्रजी संवाद तिला फार कळत नाहीत. ती एकदम म्हणाली, "अगं, हा तर पोराला थोपटतोय." मी पॉज केलं. मी तो प्रसंग त्याआधी निदान तीसेक वेळा बघितला असेन, वाळू कुठल्या जाडीची असेल, फळी कुठली असेल एवढाच विचार केला होता, थोपटणं मला सुचलं नव्हतं. घरात लहान मुलं असतील तर हा प्रसंग झाल्यावर एका परातीत बारीक वाळूचा पातळ थर द्या, हातात जुनी चामड्याची चप्पल घेऊन तिचा तळ त्यावर घासा, मग वाळू काढून तोच ठेका कोऱ्या परातीत वाजवा. मुलं पुढचा अख्खा सिनेमा कान टवकारून बघतात, माझ्या भाच्यांवर करून बघितलंय.

पण हे सगळं कधी, तर टीव्ही नीट लावला असेल तर. माझी खरी कळकळीची विनंती इथे आहे. १९५३च्या आधीचे जवळपास सगळे हॉलिवूड सिनेमे चौकोनी चौकटीचे आहेत, रुंदी उंचीच्या साधारण १.३७ पट. आपले टीव्ही १.७८ पट रुंद. त्यामुळे दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या दिसणारच, त्या दिसायलाच हव्यात. पट्ट्या नकोत म्हणून पिक्चर साइजमध्ये झूम केलं की वरून-खालून मिळून जवळजवळ पाव भाग चित्र कापलं जातं, आणि खालून काय कापलं जातं? पाय! माझ्याकडे टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने चांगल्या मनाने झूम करून ठेवलं होतं, मी दोन दिवस अस्टेअरला घोट्यापर्यंतच बघत होते आणि काहीतरी चुकतंय एवढंच जाणवत होतं. अस्टेअर यांचा आग्रह असायचा की कॅमेऱ्याने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दाखवायचं आणि नाच तुकड्या-तुकड्यांत कापायचा नाही, त्या माणसाने आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडण केलं ते आपण रिमोटच्या एका बटणाने घालवतो. स्ट्रेचही नको, माणसं जाडी दिसतात आणि उडी बुटकी होते. मूळ साइज ठेवा. मोशन स्मूदिंग (टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच भरतो ते) वगैरे जे असेल ते बंद, २४ फ्रेमचा सिनेमा आहे तो २४ फ्रेमचाच राहू दे.

आवाजाचं त्याहून महत्त्वाचं. ब्लूटूथ हेडफोन किंवा ब्लूटूथ स्पीकर लावला असेल आणि नाच "जमत नाहीये" असं वाटत असेल तर दोष सिनेमाचा नाही. ब्लूटूथने आवाज १५०-२०० मिलिसेकंद सहज मागे पडतो. एक फ्रेम म्हणजे साधारण ४२ मिलिसेकंद, म्हणजे पाऊल पडून चार-पाच फ्रेम झाल्यावर टॅप ऐकू येतो. बोलण्यात हे खपून जातं, टॅपमध्ये सगळा नाचच मरतो. काही टीव्ही हा फरक आपोआप भरून काढतात पण सगळे नाही. वायरचा हेडफोन लावा, नाहीतर साउंडबार एचडीएमआयच्या केबलने जोडा, आणि सेटिंगमध्ये ऑडिओ डिले असेल तर अस्टेअरची टाच बघत बघत तो जुळवा. सराउंड, थ्रीडी, 'डायलॉग क्लिअर' असले मोड बंद. मूळ आवाज मोनो आहे, एका ठिकाणाहून येणारा, डिस्कवर नवीन ५.१ (सराउंड) आणि जुना मोनो असे दोन्ही ट्रॅक असतील तर निदान पहिल्यांदा मोनो घ्या. थोडी खरखर ऐकू येते, येऊ दे.

आणि पूर्ण सिनेमा एका दमात बघायची सक्ती करून घेऊ नका. रात्री जेवणं झाली, ओटा आवरला की एकच नाच लावायचा, दोनदा बघायचा, झोपायचं. मी असंच बघते.

मग 'समर स्टॉक' घ्या, १९५०चा, जीन केली आणि ज्युडी गार्लंड. सिनेमा मधेमधे सैल आहे हे मान्य, पण कोठारात उभारलेल्या थिएटरच्या रिकाम्या स्टेजवर केली रात्री एकटा शीळ घालत चालत असतो, एका फळीवर पाय पडतो आणि ती करकरते. तो थांबतो. पुन्हा पाय देतो. मग जमिनीवर पडलेल्या वर्तमानपत्रावर पाय पडतो, ते चुरचुरतं. झालं, फळीची करकर आणि कागदाची चुरचुर या दोनच वाद्यांवर तो पूर्ण नाच बांधतो, नाचता नाचता पायाने तो कागद फाडून अर्धा करतो, मग पाव करतो. फोलीवाल्या माणसाला हा नाच म्हणजे देवाघरचं देणं आहे. आम्ही स्टुडिओत जुन्या फळ्या जपून ठेवतो, ही करकरते, ही ठसठसते, ही ओली वाटते असं प्रत्येकीचं वेगळं, आणि इथे तो माणूस आमच्या डोळ्यांसमोर एक फळी शोधून काढतो आणि तिच्या प्रेमात पडतो.

सवाल-जवाब आवडत असतील तर 'ब्रॉडवे मेलडी ऑफ १९४०'. एलेनॉर पॉवेल आणि अस्टेअर, काळी आरशासारखी फरशी, कोल पोर्टरचं गाणं. शेवटच्या भागात एका ठिकाणी ऑर्केस्ट्रा थांबतो आणि फक्त दोघांचे पाय उरतात, एकाने म्हणायचं दुसऱ्याने उत्तर द्यायचं. पॉवेल ही एकटी बाई आहे जिच्यासमोर अस्टेअर मला बरोबरीचा वाटतो, वरचढ नाही. बघताना सम कुठे येते ते बोटांवर मोजा, जमतं.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. टॅप हा नाच गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांच्या तालातून आणि आयरिश जिगसारख्या नाचांतून अमेरिकेत घडला, आणि त्यातले सगळ्यात मोठे काही कलाकार कृष्णवर्णीय असूनही हॉलिवूडने त्यांना नोकराच्या भूमिका दिल्या नाहीतर एखादा सुटा नाच दिला. 'द लिटल कर्नल' १९३५चा, त्यात बिल रॉबिन्सन आणि सहा वर्षांची शर्ली टेंपल यांचा जिन्यावरचा नाच आहे. जिन्याची प्रत्येक पायरी वेगळी वाजते, रॉबिन्सन ती वाजवत वर जातात आणि ती चिमुरडी त्यांचा हात धरून मागोमाग. नाच अप्रतिम आहे. पण ते त्या घरातले नोकर आहेत, आणि सिनेमा त्या नोकरीकडे ज्या मायेने बघतो ते बघून पोटात कालवतं. लीना हॉर्नसारख्या कृष्णवर्णीय गायिकेचे प्रसंग सुटे ठेवायचे, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांत दाखवताना कापून टाकता येतील अशी सोय असायची. अस्टेअरच्या 'स्विंग टाइम'मध्ये (१९३६) रॉबिन्सन यांना मानवंदना म्हणून केलेला नाच आहे, तोही तोंड काळं रंगवून केलेला. त्याच सिनेमात शेवटचा जो दोघांचा नाच आहे त्याचे चाळीसहून जास्त टेक झाले आणि जिंजरच्या पायातून रक्त आलं होतं, तो नाच मी पुन्हा पुन्हा बघते, तोंड रंगवलेला तो मला आता बघवत नाही. मुलांना दाखवणार असाल तर आधी दोन वाक्यं बोला आणि मग दाखवा.

टॅप नाचणारे कृष्णवर्णीय निकोलस बंधू, फेयार्ड आणि हॅरल्ड, यांच्यासाठी 'स्टॉर्मी वेदर' (१९४३) बघायचाच. कॅब कॅलोवेचा बँड वाजतोय, दोघं भाऊ मोठ्या पायऱ्यांवरून एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत खाली येतात, प्रत्येक उडीनंतर जमिनीवर पाय दोन्हीकडे पूर्ण फाकवून पडतात आणि हात न टेकता परत उभे राहतात. माझं लक्ष मात्र उडीनंतरच्या पहिल्या टॅपकडे असतं. एवढ्या उंचीवरून पडून उठलेला माणूस पुढचं पाऊल मात्रेवरच टाकतो, केसभरही मागे नाही.

'सिंगिंग इन द रेन' (१९५२) सगळेच सांगतात, मीही सांगते, फक्त वेगळ्या कारणासाठी. मूकपटाचा बोलपट होताना काय गोंधळ झाला त्याची ती गोष्ट आहे, म्हणजे आवाजाच्या लोकांचाच सिनेमा. त्यात गोड आवाजाची कॅथी, म्हणजे डेबी रेनॉल्ड्स, चिरक्या आवाजाच्या लीना नावाच्या नटीला पडद्यामागून आवाज देते. प्रत्यक्षात काय झालं, तर त्या डबिंगच्या प्रसंगात बोलण्याचा जो सुंदर आवाज ऐकू येतो तो लीनाचं काम करणाऱ्या जीन हेगन यांचा स्वतःचाच आहे, आणि कॅथी म्हणून लीनासाठी जे गाणं गायलं जातं ते बेटी नॉयस नावाच्या गायिकेने गायलंय! म्हणजे जी आवाज उसना देतेय तिलाच आवाज उसना दिलाय. बेटी नॉयस यांचं नाव पडद्यावर नाही. मार्नी निक्सन यांनी 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वुडसाठी आणि 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नसाठी गायलं, तेव्हा त्यांचंही नव्हतं. आपल्याकडे 'महल'च्या रेकॉर्डवर आधी लताबाईंऐवजी पडद्यावरच्या पात्राचं, कामिनीचं नाव छापलं होतं ते आठवतं. श्रेयनामावलीत माझं नाव पहिल्यांदा आलं ते काम सुरू केल्यावर सात वर्षांनी, त्यामुळे हे नाव नसलेले आवाज मला फार जवळचे वाटतात, आणि तुम्ही घरी बघताना एकदा तरी त्या प्रसंगाला मागे नेऊन नुसता आवाज ऐकावा असं मनापासून वाटतं. पावसातल्या नाचात नायक जीन केलीला ताप होता हे खरं, आणि डबकी कुठे हवीत ते नाचाप्रमाणे ठरवून जमिनीत खळगे केले होते. शेवटी तो डबक्यात लहान मुलासारखा थयथयाट करतो तिथे प्रत्येक पावलाचं पाणी वेगळं वाजतं का ते ऐका. मी टबात उभी राहून असलं काम केलंय, उथळ पाण्याचा 'चप' आणि खोल पाण्याचा 'डुबुक' यात घोट्याइतकं अंतर असतं.

नृत्यदिग्दर्शक बस्बी बर्कलीचे १९३३चे सिनेमे, शेकडो मुली, वरून फुलासारख्या उमलणाऱ्या रांगा, हे बघा जरूर, डोळ्यांना मेजवानी आहे, पण पायांसाठी नाही, म्हणून मला स्वतःला त्यांची ओढ कमी. 'विझर्ड ऑफ ऑझ' रंगांसाठी. साठच्या दशकातले तीन-तीन तासांचे मोठे सिनेमे अगदी शेवटी ठेवा.

आणि हे सगळं बघून झालं, कान तयार झाला, की मग 'द बँड वॅगन' लावा, १९५३चा, व्हिन्सेंट मिनेली यांचा. अस्टेअर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, सोबत सिड चॅरिस, ती बॅलेतली. रात्री दोघं बग्गीतून सेंट्रल पार्कमध्ये येतात, म्हणजे स्टुडिओत उभारलेल्या पार्कमध्ये, आणि उतरून चालायला लागतात. बोलणं नाही. माणसं नाचत असतात त्यांच्यामधून चालत पुढे मोकळ्या जागेत येतात. पायात टॅप नाहीत, पाऊल वाजत नाही, मला ऐकण्यासारखं काहीच नाही, आणि तरी पावलांचं काम शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्यांदा हेच दाखवते, कारण चालणं हळूहळू नाच होतं आणि कुठे झालं ते कळत नाही. मागच्या रविवारी मी आणि आईने ती जागा तीनदा मागे नेऊन बघितली, चालण्यातलं शेवटचं पाऊल कुठलं ते शोधायला. आई म्हणते तो तिच्याकडे बघतो त्याच्या आधीचं. मी म्हणते त्याच्याही दोन पावलं आधीचं, तिचा खांदा तिथेच बदलतो. तुम्ही बघाल तेव्हा मोजा आणि मला कळवा.